पेशीतलं रहाटगाडगं : प्रोटॉनच्या एका जागेवर शरीराची ऊर्जा आणि टीबीचं औषध कसं अवलंबून आहे?

मालवणात मासळीचं ताट संपलं की सोलकढी येतेच. कोकमाचं आगळ, नारळाचं दूध, ठेचलेली लसूण-मिरची, बस्स. तिचा जो आंबटपणा जिभेला लागतो, तो रसायनशास्त्राच्या भाषेत प्रोटॉनमुळे असतो. कोकमातलं आम्ल पाण्यात गेलं की स्वतःजवळचे प्रोटॉन सोडतं. जिभेवरच्या पेशी ते ओळखतात आणि मेंदूला निरोप देतात, 'आंबट आहे'.

प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर जे उरतं ते. जिभेला आंबट लागणारा हाच कण शरीरातलं सर्वात महत्त्वाचं यंत्र फिरवतो. त्या यंत्राचं नाव एटीपी सिंथेज. ते खरोखर गोल फिरतं आणि त्याच्या चाकावर प्रोटॉनला बसायला ठरलेली जागा असते.

ही जागा अडवली तर यंत्र बंद पडतं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर आज दिलं जाणारं बेडाक्विलिन हे औषध नेमकं हेच करतं. त्याच औषधावरून मुंबईत पेटंटची मोठी लढाईही झाली. म्हणून प्रोटॉन तिथे बसतो कसा आणि उठतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी एटीपीचा हिशोब

भात खाल्ला, मासे खाल्ले, तरी पेशीला ते थेट वापरता येत नाहीत. पेशीत चालणारं चलन एकच, एटीपी. स्नायू आखडायचा असो, मेंदूतून संदेश जायचा असो की नवीन प्रथिन बनवायचं असो, बहुतेक ठिकाणी हेच चलन मोजावं लागतं. खर्च झालं की एटीपीचा एक फॉस्फेट तुटतो आणि एडीपी उरतो. तो फॉस्फेट परत जोडला की पुन्हा एटीपी तयार.

गंमत अशी की शरीरात एटीपीचा साठा फारच थोडा असतो. तो नव्याने बनणं थांबलं तर काही मिनिटंही काढणं कठीण होईल. म्हणून तेच रेणू दिवसभर मोडत आणि जोडले जात राहतात. मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसभरात अशा प्रकारे फिरणाऱ्या एटीपीचं वजन जवळपास त्याच्या स्वतःच्या वजनाइतकं भरतं.

यातलं बहुतांश जोडकाम पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये होतं. शाळेच्या पुस्तकात यांना तंतुकणिका म्हणतात.

धरण आधी भरतं, मग चाक फिरतं

अन्नातली ऊर्जा एटीपीमध्ये जाते कशी, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. १९६१ मध्ये पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक वेगळीच कल्पना मांडली. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेने पेशी आधी प्रोटॉन एका पातळ पडद्याच्या पलीकडे ढकलते. पलीकडे त्यांची गर्दी झाली की ते परत आत यायला बघतात आणि त्या परतीच्या ओढीतून एटीपी तयार होतं. धरणात पाणी वर साठवायचं आणि खाली सोडताना वीज काढायची, तसाच हा प्रकार. सुरुवातीला अनेकांना हे पटलं नाही. १९७८ मध्ये मिचेल यांना याच कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे 'धरण' किती ताकदीचं असतं? मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याच्या दोन बाजूंमध्ये साधारण १५० मिलिव्होल्टचा फरक असतो. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलच्या तुलनेत हा दहावा हिस्सा. पण पडद्याची जाडी फक्त ५ नॅनोमीटरच्या आसपास असते. भागाकार केला तर दर मीटरला सुमारे ३ कोटी व्होल्ट येतात. एवढ्या ताणाखाली तो पडदा तुमच्या-आमच्या बहुतेक पेशींत दिवसरात्र काम करत असतो.

रहाट उलटा फिरवला तर

सिंधुदुर्गातल्या माडा-पोफळीच्या बागांना पूर्वी विहिरीवरच्या रहाटाने पाणी मिळायचं. बैल फिरायचा, चाक फिरायचं आणि चाकावरची गाडगी खाली भरून वर रिकामी व्हायची. बैलाची ताकद खर्च व्हायची आणि पाणी वर चढायचं.

आता हाच रहाट उलटा डोळ्यांपुढे आणा. पाणी वरून येऊन गाडग्यांत पडतंय, त्या पाण्याने चाक फिरतंय आणि चाकाच्या आसाला जोडलेलं जातं दळतंय. एटीपी सिंथेज साधारण असं चालतं.

त्याचे दोन भाग आहेत. पडद्यात रुतलेला भाग म्हणजे रहाट. तिथे एकसारख्या प्रथिनांच्या तुकड्यांचं एक गोल कडं असतं, त्याला सी-रिंग म्हणतात. पडद्याबाहेर डोकावणारा भाग म्हणजे जातं. तिथे एडीपी आणि फॉस्फेट पकडून जोडणाऱ्या तीन खोबणी असतात. दोन्ही भागांना जोडणारा एक वाकडा दांडा आहे. कडं फिरलं की दांडा फिरतो. दांड्याचा वाकडा भाग तिन्ही खोबणींना आळीपाळीने दाबतो. एका पूर्ण फेरीत तीन एटीपी बाहेर पडतात.

हा दांडा फिरतो, असं अमेरिकेच्या पॉल बॉयर यांनी आधी तर्काने सांगितलं होतं. ब्रिटनच्या जॉन वॉकर यांच्या गटाने १९९४ मध्ये गाईच्या हृदयातल्या एंझाइमच्या या 'जात्या'ची रचना प्रसिद्ध केली आणि तर्काला आधार मिळाला. १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना जेन्स स्काऊ यांच्यासोबत विभागून मिळालं. त्याच वर्षी जपानच्या हिरोयुकी नोजी, मासासुके योशिदा, काझुहिको किनोसिता आणि सहकाऱ्यांनी दांड्याला एक चमकणारा धागा चिकटवला आणि तो गोल फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिला. धाग्याचं ओझं नसेल तर हे यंत्र सेकंदाला शंभरहून जास्त फेऱ्या मारू शकतं.

मग प्रोटॉन बसतो कुठे?

कड्यातल्या प्रत्येक तुकड्यावर एक 'गाडगं' असतं. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात ते ग्लुटामिक आम्लाचं असतं. हे नाव अनोळखी वाटेल, पण चायनीजच्या गाडीवरचा अजिनोमोटो याच आम्लाचा क्षार आहे. ई. कोलाय या बॅक्टेरियात त्याच जागी त्याचं भावंड, अस्पार्टिक आम्ल असतं.

दोन्हींच्या टोकाला कार्बोक्झिल नावाचा रासायनिक गट असतो. कोकमातल्या आणि चिंचेतल्या आम्लांकडेही हाच गट असतो. प्रोटॉन धरणं आणि सोडणं हे त्याचं कामच.

अमेरिकेतल्या रॉबर्ट फिलिंगेम यांच्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात ई. कोलायमध्ये हे गाडगं बदलून पाहिलं. सी-तुकड्यातल्या ६१ व्या क्रमांकावरचं अस्पार्टिक आम्ल काढून तिथे प्रोटॉन न धरणारं दुसरं अमिनो आम्ल बसवलं. यंत्र बंद पडलं. बाकी सगळं जागेवर होतं, फक्त प्रोटॉनची जागा गेली होती.

बसलेला प्रोटॉन लगेच उठत का नाही?

खरी मेख इथे आहे. कार्बोक्झिल गट साध्या पाण्यात ठेवला आणि पाणी ना आंबट ना तुरट, म्हणजे पीएच ७ असेल, तर असे शंभर गट मोजल्यावर ९९ हून जास्त गटांनी प्रोटॉन सोडून दिलेला दिसेल. मग रहाटावर तो टिकतो कसा?

उत्तर पडद्यात आहे. पेशीचा पडदा तेलकट असतो. प्रोटॉन सोडला की कार्बोक्झिल गटावर ऋण विद्युतभार उरतो आणि विद्युतभार असलेली वस्तू तेलात राहायला तयार नसते. मिठाचे खडे खोबरेल तेलात विरघळत नाहीत, त्याचं कारणही हेच. म्हणजे गाडगं जोवर तेलकट भागातून फिरतंय, तोवर प्रोटॉन धरून ठेवणंच त्याला सोयीचं असतं. पाण्याशी गाठ पडली की सोडणं सोयीचं होतं.

आता या गाडग्यांच्या शेजारी पडद्यात एक स्थिर प्रथिन असतं, ए-उपघटक. त्यात पाण्याचे दोन अर्धे बोगदे आहेत. एक बाहेरच्या बाजूने पडद्याच्या मध्यापर्यंत येतो, दुसरा आतल्या बाजूने मध्यापर्यंत येतो. दोन्ही एकमेकांना मिळत नाहीत.

प्रोटॉनचा प्रवास असा होतो :

१. बाहेरच्या बोगद्यातून प्रोटॉन आत शिरतो आणि समोरच्या रिकाम्या गाडग्यात बसतो.

२. गाडग्याचा विद्युतभार नाहीसा होतो. आता ते तेलकट पडद्यात शिरायला मोकळं होतं आणि कडं एक घर पुढे सरकतं.

३. प्रोटॉन त्याच गाडग्यात बसून जवळपास पूर्ण फेरी मारतो. या काळात गाडगं शेजारच्या अणूंशी हायड्रोजन बंधांनी जखडलेलं असतं, जणू झाकण लावलेलं.

४. फेरीच्या शेवटी ते दुसऱ्या बोगद्यासमोर येतं. तिथे पाणी आहे आणि आतल्या बाजूला प्रोटॉनची टंचाई आहे. झाकण उघडतं, प्रोटॉन उतरून आत जातो.

५. रिकामं, ऋण भाराचं गाडगं दोन बोगद्यांमधल्या छोट्या अंतरातून सरकतं आणि पुन्हा पहिल्या बोगद्यासमोर येतं.

पाचव्या पायरीवर पहारा असतो. दोन बोगद्यांच्या मधोमध ए-उपघटकाचं आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल उभं असतं. त्याच्यावर धन विद्युतभार असतो, त्यामुळे रिकाम्या, ऋण भाराच्या गाडग्याला ते सांभाळून पुढे नेतं. प्रोटॉनला मात्र तिथून थेट पलीकडे घुसू देत नाही. हा पहारेकरी नसता तर प्रोटॉन फेरी न मारताच आत घुसले असते आणि धरण फुकट रिकामं झालं असतं.

एक फरक लक्षात ठेवायला हवा. खऱ्या रहाटात पाण्याचं वजन चाकाला ओढतं. इथे प्रोटॉनला वजन असून नसल्यासारखं. या आकारमानावर सगळंच उष्णतेमुळे सतत थरथरत असतं, कडंही मागेपुढे डुलत असतं. भरलेलं गाडगं तेलात जाऊ शकतं, रिकामं जाऊ शकत नाही. या एका नियमामुळे डुलणं एकाच दिशेने साचत जातं आणि कडं पुढे पुढे फिरतं.

सुटे प्रोटॉन असतात तरी किती?

एक घन मायक्रॉन, म्हणजे एखाद्या छोट्या बॅक्टेरियाएवढी जागा घ्या. तिथे पीएच ७ असेल तर सुटे प्रोटॉन किती? हिशोब केला तर अवघे ६०. एवढ्यांवर सेकंदाला शेकडो जागा भरायच्या तर ते पुरणार कसे?

पुरतात, कारण प्रोटॉन एकटा पोहत येत नाही. स्लॅबच्या कामावर घमेली हातोहात पुढे जातात, तसा तो पाण्याच्या एका रेणूकडून दुसऱ्याकडे दिला जातो. आजूबाजूचे फॉस्फेटसारखे रेणू आणि प्रथिनंही प्रोटॉन धरून असतात. सुटे कमी झाले की ते लगेच आपल्याकडचे सोडतात.

गाडगी किती, यावर भाव ठरतो

फेरीला एटीपी तीनच मिळतात, पण गाडग्यांची संख्या जिवागणिक बदलते. गाईच्या मायटोकॉन्ड्रियातल्या कड्यात ८ आहेत, म्हणजे एका एटीपीला सरासरी २.७ प्रोटॉन. ई. कोलायमध्ये १०. पालकाच्या हरितलवकात १४. ज्याच्या गोळ्या 'सुपरफूड' म्हणून विकल्या जातात त्या स्पिरुलिनात १५, म्हणजे एका एटीपीला तब्बल ५ प्रोटॉन. प्रोटॉनने भरलेलं गाडगं कसं दिसतं, हे स्पष्टपणे दाखवणारी एक महत्त्वाची रचना २००९ मध्ये याच स्पिरुलिनाच्या कड्यातून मिळाली.

जास्त गाडगी म्हणजे खर्च जास्त, पण प्रोटॉनचा दाब कमी असतानाही चाक फिरवता येतं. सायकलचा हलका गिअर टाकल्यासारखं. काही बॅक्टेरियांनी तर प्रोटॉनऐवजी मिठातला सोडियमच या जागी बसवला आहे.

किल्ल्याभोवतीच्या पोवळ्यांतला बैल

बैलाने फिरवायचा मूळ रहाटही जीवसृष्टीत आहे. व्ही-एटीपेज हे याच घराण्यातलं एंझाइम. ते एटीपी खर्च करून कडं फिरवतं आणि प्रोटॉन पलीकडे ढकलतं. फळातल्या पेशींमध्ये आंबट रस साठतो, त्यामागच्या पंपांमध्ये हाही एक आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या समुद्रात पोवळी, म्हणजे प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा ती मोठा ठेवा आहेत. पोवळ्याच्या पेशीत सूक्ष्म शेवाळ राहतं आणि उन्हात अन्न बनवून यजमानाला देतं. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दोन प्रवाळ-जातींवर केलेल्या अभ्यासात दिसलं की पोवळ्याच्या पेशी व्ही-एटीपेज वापरून शेवाळाच्या खोलीत प्रोटॉन भरतात. खोली आंबट होते, त्यामुळे पाण्यातल्या बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि शेवाळाला कच्चा माल मिळतो. हा पंप औषधाने बंद केल्यावर शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण घटलं.

समुद्राचं पाणी फार तापलं की शेवाळ पोवळ्याला सोडून जातं आणि पोवळं पांढरं पडतं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांमध्ये असं पांढरं पडणं नोंदवलं आहे.

टीबीच्या जंतूची नस सापडली

टीबीचा जंतूही याच रहाटावर जगतो. त्याच्या घराण्यातल्या जंतूंच्या कड्यात ९ गाडगी असतात. तो सुस्त पडून असला, वाढत नसला, तरी जिवंत राहायला त्याला थोडं एटीपी लागतंच. बरीच जुनी औषधं वाढणाऱ्या जंतूवर नीट चालतात, झोपलेल्यावर कमी. टीबीचे उपचार इतके महिने का चालतात, याचं एक मोठं कारण हे आहे.

२००५ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एका नव्या रेणूची माहिती दिली. तो टीबीचा जंतू मारत होता, पण कुठे घाव घालतो हे आधी माहीत नव्हतं. मग त्याला दाद न देणारे जंतू प्रयोगशाळेत तयार केले आणि त्यांचे जीन्स तपासले. बदल सापडला सी-कड्याच्या जीनमध्ये, प्रोटॉनच्या जागेच्या अगदी शेजारी. हा रेणू म्हणजेच बेडाक्विलिन.

पुढे रचना मिळाल्यावर चित्र स्पष्ट झालं. बेडाक्विलिन कड्याला बाहेरून चिकटतं आणि त्याचं धन भाराचं टोक थेट ६१ व्या क्रमांकाच्या ग्लुटामिक आम्लापाशी जाऊन बसतं. म्हणजे गाडग्याच्या तोंडावर बूच. प्रोटॉन बसूही शकत नाही, उठूही शकत नाही आणि औषध अडकलेलं कडं ए-उपघटकासमोरून सरकतही नाही. एटीपी आटतं आणि जंतू काही दिवसांत मरतो. माणसाच्या एंझाइममध्ये गाडग्याच्या आसपासची ठेवण वेगळी असल्याने तिथे या औषधाची पकड खूपच कमी असते.

डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. पूर्णपणे नव्या पद्धतीने काम करणारं टीबीचं औषध चाळीसहून अधिक वर्षांनी आलं होतं. भारतात २०१६ पासून निवडक रुग्णालयांत ते देणं सुरू झालं.

मुंबईतली पेटंटची लढाई

जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. त्यामुळे हे औषध इथे किती किमतीला आणि किती कंपन्यांकडून मिळणार, हा जीवन-मरणाचा प्रश्न होता. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. पण औषधाच्या क्षाररूपासाठी कंपनीने वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती.

२०१९ मध्ये मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी या अर्जाला हरकत घेतली. दोघी टीबीतून बऱ्या झालेल्या, आणि दोघींचीही ऐकण्याची शक्ती उपचारातल्या जुन्या औषधांच्या दुष्परिणामाने गेलेली. २३ मार्च २०२३ रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यामुळे इतर कंपन्यांना हे औषध बनवण्याची वाट मोकळी झाली.

उपचारही बदलले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषध-प्रतिरोधी टीबीसाठी बेडाक्विलिनला पहिल्या पसंतीच्या गटात ठेवलं आणि कानामायसिनसारखी कानावर परिणाम करणारी इंजेक्शनं वापरू नयेत असं सांगितलं. सप्टेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने बेडाक्विलिनसह तीन-चार गोळ्यांच्या 'बीपाल-एम' उपचाराला मान्यता दिली. पूर्वी दीड-दोन वर्षं चालणारा उपचार यात साधारण सहा महिन्यांत होतो.

जंतू काय करतोय?

तो गप्प बसलेला नाही. प्रोटॉनची जागाच बदलली तर त्याचं स्वतःचं यंत्र बंद पडतं, म्हणून तिथे त्याला फारसा वाव नाही. रुग्णांमध्ये जो प्रतिरोध दिसतो, तो बहुतेक वेळा वेगळ्या मार्गाने येतो. जंतू औषध बाहेर फेकणारा एक पंप जास्त प्रमाणात बनवतो. त्याच्यावरचा लगाम ठेवणारा जीन बिघडला की हे घडतं.

म्हणूनच बेडाक्विलिन कधीच एकटं दिलं जात नाही. सोबत दुसरी औषधं असतात, म्हणजे एका वाटेने सुटलेला जंतू दुसऱ्या वाटेवर सापडतो. या औषधाचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे अधूनमधून ईसीजी काढावा लागतो. ते शरीरात कित्येक महिने थोड्या प्रमाणात रेंगाळतं. मध्येच सगळ्या गोळ्या सोडल्या तर बाकीची औषधं शरीरातून निघून जातात आणि हे एकटंच, तेही अपुरं, उरतं. जंतूला प्रतिकार शिकायला यापेक्षा चांगली संधी नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी रुग्णालयात टीबीची तपासणी आणि उपचार मोफत होतात. प्रतिरोधी टीबीचा कोर्स सुरू असलेल्या घरात लक्षात ठेवायची गोष्ट एकच : बरं वाटायला लागलं तरी जंतूची सगळी चाकं थांबलेली नसतात. शेवटच्या गोळ्या त्यांच्यासाठीच असतात.